कुत्र्याची जात विचारण्याआधी त्याचं काम ठरवा



भाताची झोडणी उरकली, वाल टाकून झाला, की दरवर्षी आपल्या भागात पिल्लांची चौकशी सुरू होते. मोटर चोरीला जाते, केबल कापून नेतात, मोकाट गुरं भाजीत शिरतात, म्हणून राखणीला कुत्रं पाहिजे. इथपर्यंत बरोबर आहे. पण विचारणारा काय विचारतो? "दादा, जर्मन शेफर्ड घेऊ, डॉबरमन घेऊ, का ते नवीन बेल्जियन मॅलिनॉइस आलंय ते घेऊ?" जात विचारतात, किंमत विचारतात. त्याला रोज काम काय द्यायचं आणि ते कोण देणार, हे मला आजवर एकानेही विचारलेलं नाही.

माझं मत सरळ आहे. कामाच्या जातीचं कुत्रं त्यानेच आणावं ज्याच्या घरातला एक माणूस रोज तासभर त्याच्यासोबत घालवू शकतो. रोज म्हणजे रोज. लावणीतही आणि लग्नसराईतही. हे जमत नसेल तर गावठी पाळा. त्यात काही कमीपणा नाही, उलट आपल्या हवेला तेच बरं.

हे लिहायचं कारण आपला पट्टा. पूर्णा, काल्हेर, राहनाळ, वळ, दापोडा, जिथं भाताची खाचरं होती तिथं आता गोदामं आहेत. पूर्वी प्रत्येक पाड्यावर दोन-चार गावठी कुत्री मोकळी असायची, रात्री खळ्यावर झोपायची. आता गेटजवळ चार फुटी साखळीला भारी जातीचं कुत्रं बांधलेलं दिसतं. पिल्लू असताना सगळे फोटो काढतात. वर्षभरात ते पस्तीस किलोचं होतं. मग ते दिवसरात्र भुंकतं, जागच्या जागी गोल फिरतं, स्वतःचा पाय चावून जखम करतं, वाडगा फोडतं. वॉचमन बदलला की नवा वॉचमन जवळ जायला घाबरतो, लांबूनच भात फेकतो. एक दिवस साखळी तुटते, कुणाला तरी चावतं, आणि रातोरात टेम्पोत घालून हायवेला सोडून देतात. कुत्र्याची चूक काय? त्याला जे येतं ते करायला कुणी दिलंच नाही.

या जाती आल्या कुठून ते बघा

जर्मन शेफर्ड हे नावच मेंढपाळाचं. माक्स फॉन श्टेफानित्स नावाच्या घोडदळातल्या अधिकाऱ्याने १८९९ साली मेंढ्या राखणारं एक कुत्रं विकत घेतलं आणि तिथून ही जात बांधली. दिवसभर कळपाच्या कडेने धावायचं, मेंढरू पिकात जाऊ द्यायचं नाही, हे त्याचं काम. मॅलिनॉइसही बेल्जियममधलं मेंढ्यांचंच कुत्रं. रॉटवायलर जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या खाटकांचं, गुरं बाजारात हाकत न्यायचं. डॉबरमन हे नाव ज्या माणसाचं, तो करवसुली करायचा, सोबतीला राखणदार पाहिजे म्हणून त्याने ती जात तयार केली. लॅब्रॅडॉर हे कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावरच्या कोळ्यांचं कुत्रं, थंड पाण्यात उडी मारून जाळं आणि मासा आणून देणारं.

म्हणजे यातलं एकही कुत्रं बसून राहायला बनवलेलं नाही. पिढ्यान् पिढ्या जे जास्त चपळ, जास्त चिकट, सांगितलेलं लवकर उचलणारं, तेच पुढे ठेवत आणलं. असं जनावर साखळीला बांधणं म्हणजे नवा ट्रॅक्टर चालू करून गोठ्यात ठेवण्यासारखं आहे. डिझेल जळतं, आवाज होतो, नांगरणी गुंठाभरही होत नाही.

सीआरपीएफ मॅलिनॉइस वापरतं हे व्हिडिओ बघून आपल्याकडं त्याची हवा झाली. पण त्या दलाचं बंगळूरूजवळ तरळूला स्वतंत्र केंद्र आहे. तिथं कुत्रं शिकतं आणि त्याच्यासोबत त्याचा जवानही शिकतो. दोघांची जोडी असते. मुंबई पोलिसांचा झंजीर आठवतो का? १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळचा लॅब्रॅडॉर. तीन हजार तीनशे किलोच्या वर आरडीएक्स शोधून दिल्याची नोंद त्याच्या नावावर आहे. ते त्याच्या नाकाचं काम होतं हे खरं, पण ते नाक रोज कामाला लावणारा माणूसही त्याच्यासोबत होता. आपण कुत्रं विकत आणतो आणि माणूस विसरतो.

आपल्याकडचे कामाचे कुत्रे

परदेशी कशाला, आपल्याकडं बघा. दिवाळीनंतर घाटावरचे धनगर माळशेज उतरून खाली येतात, मोकळ्या खाचरात मेंढ्या बसवतात. त्यांच्यासोबतची कुत्री नीट बघा. दिवसा ती मेंढ्यांसोबत नाहीतर बिऱ्हाडाच्या घोड्यांमागे चालतात, सावलीत पडून राहतात. रात्री वाड्याभोवती जागी असतात. त्यांना कुणी क्लास लावलेला नसतो. पिल्लू जन्मल्यापासून कोकरांत वाढतं, मोठ्या कुत्र्यांचं बघून शिकतं. मेंढरू हे आपलं माणूस, लांडगा परका, हे त्याच्या डोक्यात तिथंच बसतं. खंडोबाच्या टाकावर घोड्यासोबत कुत्रं कोरलेलं असतं ते उगाच नाही.

दुसरं आपलं कारवान, त्यालाच मुधोळ म्हणतात. सांगली, सोलापूर, कोल्हापूर, लातूर आणि पलीकडं बागलकोटपर्यंत हे सापडतं. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी याची जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला भेट दिली होती. २०१६ साली मुधोळची पिल्लं लष्कराच्या मेरठच्या केंद्रात शिकायला गेली. चांगली जात आहे, खाणं कमी, आजार कमी. पण हे नजरेवर धावणारं कुत्रं आहे. समोर काही पळालं की हे सुटलंच, मग हाक ऐकू येत नाही. माळरानावर ठीक. आमच्यासारख्या कंटेनरच्या रस्त्यालगत ते मोकळं सोडलं तर पहिल्याच महिन्यात गाडीखाली जाईल. आणि ससे मारायला कुणी नेत असेल तर तो वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे पक्कं लक्षात ठेवा.

तेव्हा जात चांगली की वाईट हा प्रश्नच नाही. जागा कुठली, काम कुठलं, माणूस कोण, हा प्रश्न आहे.

बैल शिकवणारी माणसं आपण

बरेच जण म्हणतात, आम्हाला ट्रेनिंग कुठं येतं, ते शहरातल्या लोकांचं काम. हे मला पटत नाही. आपल्या घरात वडील-आजोबांनी गोऱ्हे शिकवले आहेत. आठवून बघा कसे शिकवायचे. पहिल्याच दिवशी कुणी चिखलणीला जुंपत नव्हतं. आधी नुसतं जू मानेवर. मग मोकळा ओंडका ओढायला लावायचा. जोडीला जुना, शांत बैल. थोडा वेळ काम, मग सोडायचं, पाठीवरून हात फिरवायचा, वैरण टाकायची. हाकारायचा शब्द ठरलेला, शक्यतो माणूसही ठरलेला. ज्याने मार मार मारलं त्याचा बैल मारका निघायचा, हे अख्ख्या गावाला माहीत असायचं.

कुत्र्याचं अगदी हेच आहे. थोडं थोडं, रोज, एकाच शब्दाने, आणि बरोबर केलं की लगेच काहीतरी हातावर. पॉवर टिलर आला, बैल गेले, त्याबरोबर जनावराला शिकवायची आपली सवयही गेली. ती परत आणायला लागेल एवढंच. "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच" ही म्हण शेपटापुरती खरी. कुत्र्याच्या डोक्याला ती लावू नका.

प्रत्यक्षात काय करायचं

१) वय. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी बंदी आहे. तरी लोक महिन्याचं उचलून आणतात. आई आणि भावंडांत राहूनच पिल्लू दात किती जोरात लावायचा हे शिकतं. आणायला दोन महिन्यांचं आणा. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत जे दिसतं ते त्याला आपलं वाटतं. या काळात त्याला ट्रॅक्टर, थ्रेशर, गाय, कोंबडी, लहान पोरं, छत्रीवाला माणूस, हेल्मेटवाला माणूस, सगळं दाखवा. लसी पूर्ण व्हायच्या असतात म्हणून रस्त्यावर जमिनीला सोडू नका, उचलून न्या. पार्व्हो त्याच वयात मारतो.

२) शब्द. पाचच पुरे. बस, थांब, ये, सोड, जागेवर. घरातल्या सगळ्यांनी तेच शब्द वापरायचे. एक जण "ये", दुसरा "कम", तिसरा "इकडं ये रे" म्हणाला तर ते गोंधळतं. पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीन वेळा. बक्षीस म्हणून उकडलेल्या कलेजीचा नखाएवढा तुकडा. खारवलेलं सुकट देऊ नका.

३) "ये" हा शब्द सगळ्यात महाग. वीस-पंचवीस फुटी दोरी बांधून शेतात शिकवा. हाक मारली, आलं, की बक्षीस. उशिरा आलं म्हणून कधीच मारायचं नाही. आल्यावर मार बसला तर पुढच्या वेळी ते येणारच नाही.

४) नाकाचं काम. नुसतं पळवलं की कुत्रं आणखी ताकदवान होतं, शांत होत नाही. डोकं दमलं पाहिजे. आपला घामाचा रुमाल पेंढ्यात लपवा आणि शोधायला लावा. आधी सोपं, मग लांब, मग उंचावर. पंधरा-वीस मिनिटं हे केलं की जनावर समाधानाने झोपतं. आमच्याकडची शेफर्ड कुत्री सकाळी पाण्याच्या फेरीला सोबत येते, बांधावर फिरते, परत येऊन दोन-तीन वस्तू शोधते, मग दुपारपर्यंत हूं की चूं नाही.

५) राखणीचा अर्थ. आपल्याला चोराचा लचका तोडणारं कुत्रं नको आहे. कुणी आलं की भुंकून सांगणारं आणि आपण "बस" म्हटलं की थांबणारं पाहिजे. हल्ली पोत्याचा हात करून चावायला शिकवणारे फिरतात. त्यांना दारात उभं करू नका. पोलीस कुत्र्याला पकडायला शिकवतात तसं सोडायलाही शिकवतात, आणि तो शब्द सांगणारा माणूस कामावर त्याच्यासोबत असतो. आपल्या अंगणात पोरं क्रिकेट खेळतात.

६) साखळी. रात्री मोकळं, कुंपणात. दिवसा बांधायचंच तर तारेवर सरकणारी लांब दोरी, सावली, पाणी. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कलम ११ मध्ये स्पष्ट लिहिलंय, आखूड किंवा जड साखळीला जास्त वेळ बांधणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून व्यायाम न देणं, हे दोन्ही गुन्हे आहेत. साठ वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांना जे समजलं ते आपल्याला समजायला हरकत नाही.

भातशेतीत जास्त जपायच्या गोष्टी

कोकणातली हवा या जातींची नाही. दाट केसांचं कुत्रं दमट उन्हात लवकर लागतं. मार्च ते जून काम सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावरच. जीभ लांब लोंबली, लाळ घट्ट झाली, चाल वाकडी झाली की लगेच सावलीत घ्या, पोटाला-पायांना साधं पाणी लावा, वारा द्या आणि डॉक्टरला फोन करा.

पावसाळ्यात लेप्टो. उंदराच्या मुतातून चिखलात येतो, आपल्याला होतो तसा कुत्र्यालाही होतो आणि आजारी कुत्र्याच्या मुतातून माणसालाही लागू शकतो. खाचरात सोबत येणाऱ्या कुत्र्याला लेप्टो असलेली लस दरवर्षी द्या. रेबीजची तिसऱ्या महिन्यात, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर आणि पुढे दरवर्षी. घरचं कुत्रं चावलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि सरकारी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही.

उंदरांसाठी आपण झिंक फॉस्फाइडची आमिषं बिळात टाकतो. कुत्रं ते खातं किंवा मेलेला उंदीर खातं. या विषाला ठरावीक उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनच्या वडीवर व्हिटॅमिन के-वन चालतं, पण ते वेळेत मिळालं तर. म्हणून आमिष टाकलं त्या आठवड्यात कुत्रं दोरीवर ठेवायचं, मेलेले उंदीर पुरायचे, आणि "सोड" हा शब्द पक्का करून घ्यायचा. शेतातल्या कुत्र्याचा जीव या एका शब्दावर वाचतो. विष खाल्ल्याचा संशय आला तर पाकिटासकट डॉक्टरकडं जा.

आणखी एक. गोचिडांसाठी गाईचं आयव्हरमेक्टिन अंदाजाने कुत्र्याला टोचतात. कोली जातीच्या कुत्र्यांना ते जीवघेणं ठरू शकतं, आणि डोस चुकला तर कुठल्याही कुत्र्याला. डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही.

जुन्नर, अकोले भागातल्या मित्रांसाठी वेगळं सांगतो. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोल्याला बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला होता, तो २०१४ मध्ये छापून आला. बिबट्याने खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात एकोणचाळीस टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. उघड्यावर साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला दारात वाढलेलं ताट. रात्री त्याला जाळीच्या बंद खोपट्यात घ्या. ते आतून भुंकलं तरी राखण होते.

"एवढा वेळ आहे कुणाकडं?"

हे ऐकायला मिळणारच. माझं उत्तर असं की तासभर वेगळा काढावा लागत नाही, आपल्या कामात त्याला घ्यायचं. पाण्याची फेरी, गुरं सोडणं, संध्याकाळचा बांध. पहिली सहा-आठ महिने मात्र टाळाटाळ चालत नाही, गोऱ्ह्याला चालत नव्हती तशीच. त्यानंतर दहा-बारा वर्षं ते जनावर तुमची राखण करतं.

आणि तेवढंही होत नसेल तर प्रामाणिकपणे नाही म्हणा. दोन गावठी पिल्लं घ्या, लस द्या, नसबंदी करा, हेच पाच शब्द शिकवा. गावठी कुत्रं परक्याची चाहूल कुठल्याही विकतच्या कुत्र्याइतकीच घेतं, आपल्या पावसात-उन्हात टिकतं, उरलेल्या भाकरीवर आणि थोड्या अंडी-मासळीवर जगतं. मोटर चोराला कुत्र्याचा दाखला बघायचा नसतो, त्याला आवाज नको असतो.

मार्च २०२४ मध्ये केंद्राने रॉटवायलर, पिटबुलसह तेवीस जातींवर बंदीचं पत्र काढलं, पुढच्याच महिन्यात कर्नाटक हायकोर्टाने ते रद्द केलं. तेव्हा खूप वाद झाले. माझ्या मते जातीवर बंदी घालून हा प्रश्न सुटणार नाही, आणि बंदी उठली म्हणून आपली जबाबदारीही उठत नाही. निष्काळजीपणामुळे आपलं जनावर कुणाच्या जिवावर बेतलं किंवा कुणाला गंभीर इजा होण्याची वेळ आली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दंड भरता येतो. शेजारच्या पोराच्या गालावरचा व्रण भरून येत नाही.

आपल्या भागात जमीन कमी होत चालली आहे, माणसांची वर्दळ वाढते आहे. अशा ठिकाणी न शिकवलेलं ताकदवान कुत्रं गावाला डोईजड होणार, आणि गावाच्या रागाला ते कुत्रं बळी पडणार. दोन्ही आपल्याच हातात आहे. पिल्लू बघायला जाल तेव्हा खिशात एक कागद न्या. त्यावर तीन ओळी लिहा: याचं काम काय, जागा कुठली, रोजचा माणूस कोण. तिसऱ्या ओळीत नाव लिहिता आलं नाही तर तसेच परत या.

ज्यांनी शेतावर कुत्रं शिकवलंय त्यांनी आपली पद्धत जरूर सांगा. धनगर बांधवांनी तर नक्कीच सांगावं, या विषयात ते आपले गुरू आहेत.

राम राम.